कॉलिंगचा जॉब ते एकपात्री : माझा अनुभव

कॉलिंगचा जॉब सोडला तेव्हापासूनच डोक्यात होतं की यावर एकपात्री करायचं. नाशिकमध्ये कोणी असं काही करायच्या विचारात असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आमचं काम काय, तर पॉलिसीवाल्यांना फोन लावायचे. शीटवर नाव, वय, पॉलिसी नंबर, हप्ता सगळं आधीच हजर, कुठून आलं ते विचारायचं नाही. मग सुरू, तुमचा बोनस अडकलाय, रिलीज करायचा तर एक छोटी नवीन पॉलिसी घ्यावी लागेल. इर्डा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, स्वतः सांगते की आम्ही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, तरी त्यांच्याच नावाने हे फोन जातात. नावं सगळ्यांची खोटी, मी कोणीतरी शर्मा. हिंदीत सुरुवात करायची आणि समोरून "कोण बोलतंय?" आलं की लगेच मराठीत, "काका, मी पण नाशिकचाच." हा शर्मा एकदम नाशिकचा कसा झाला हे कोणीच विचारत नसे.

सगळ्यात भारी ट्रिक पेनाची. "रेफरन्स नंबर देतो, लिहून घ्या." नंबर काहीच्या काही असायचा, पण माणूस पेन शोधायला उठला की टीएल, म्हणजे आमचा टीम लीडर, मागून अंगठा दाखवायचा. जो उठला तो फोन ठेवत नाही, साधा हिशोब. माझं अख्खं नाटक या पेनावर उभं आहे.

लिहून झालं पटकन, तालमीत मात्र घाम निघाला. फोनवरचा अभिनय म्हटला की "काय म्हणता? मुलगा पुण्याला असतो?" असं समोरच्याचं वाक्य आपणच परत बोलायचं, हे मला अजिबात नको होतं. मग पंचवटीतल्या मावशीला खरंच फोन लावून तालीम केली, ती काय वाट्टेल ते बोलायची, मध्येच दूध उतू गेलं म्हणून गॅस बंद करायला जायची, आणि मी तो वेळ तसाच धरून ठेवायला शिकलो. नंतर मावशीचा आवाज काढून टाकला, तिच्या जागा तेवढ्या ठेवल्या. ती गॅसकडे जाते तेव्हा मी हेडसेट घालून नुसता बसलेलो असतो आणि मागे डायलरची, म्हणजे आपोआप नंबर लावणाऱ्या सिस्टीमची, बीप. प्रेक्षक त्या शांततेत काय काय ऐकतात देव जाणे.

कागदपत्रांचं म्हणाल तर तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर आधी संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, सर्टिफिकेट आलं की मग तारीख. संहितेत एकाही खऱ्या विमा कंपनीचं नाव ठेवलं नाही. एकट्या माणसाने कालिदास कलामंदिरसारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या नादी लागू नये असं माझं मत, तेवढ्या खुर्च्या भरायच्या कशा? गंगापूर रोडच्या बाजूला एक छोटा हॉल मिळाला, लाइट मित्राने सांभाळले, सेट म्हणजे टेबल, खुर्ची, हेडसेट. बस्स.

पहिल्या प्रयोगाला "लिहून घ्या" म्हणालो आणि दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांचा हात सरळ खिशातल्या पेनाकडे गेला, शेजारची बाई हसली, मग अर्धा हॉल हसला. आजोबा हसले नाहीत. प्रयोगानंतर थांबले आणि पॉलिसी परत करता येते का ते विचारत होते. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात परत करता येते, एवढं सांगितलं. त्यांचे दिवस केव्हाच उलटून गेले होते, म्हणून मग विमा लोकपालाकडे तक्रार कशी करायची ते त्यांच्या मुलाला समजावलं.

सध्या शेवटचा भाग परत लिहितोय. जाहिरातीच्या कॉलला 140 ने सुरू होणारी नंबरांची सिरीज ठरवून दिली तशी लोकांनी ते नंबर उचलणंच सोडलं, आणि फसवणारे साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतात. माझा शर्मा पण आता सिम बदलत बसलेला दाखवायचाय. नवीन पानं मंडळाकडे पाठवायची आहेत, ती पास झाली की सिन्नरला प्रयोग लावायचा विचार आहे, तिकडे कोणाच्या ओळखीत छोटा हॉल असेल तर सांगा.