बालगृहातील नोकरी आणि पोलीस पडताळणी : माझा अनुभव

धुळे जिल्ह्यातील एका स्वयंसेवी संस्थेच्या बालगृहात समुपदेशक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज नेमणूकपत्र मिळणार नाही, असे संस्थेने मला कळवले. पोक्सो, म्हणजे मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखालील 2020 च्या नियमांनुसार, जिथे मुले राहतात किंवा जिचा मुलांशी नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे, आणि त्यातून कंत्राटी कर्मचारीही सुटत नाहीत. मुलांच्या वाट्याला जे येऊ नये ते कित्येकदा ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाकडूनच येते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यामुळे ही अट मला पहिल्यापासून रास्तच वाटली.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून भरता आला. आधार कार्ड, पत्त्याचा व वयाचा पुरावा, छायाचित्र आणि संस्थेचे पत्र जोडले. माझी शैक्षणिक कागदपत्रे माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचे असल्याने विवाह नोंदणी प्रमाणपत्रही सोबत दिले, कारण एकाच नावाने नोंदी पाहिल्या तर त्या पडताळणीला फारसा अर्थ उरत नाही.

खरा प्रश्न एका रकान्याचा होता. आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, असे त्यात विचारले होते. आदिवासी वसतिगृहांतील खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याच्या 2018 मधील निर्णयाविरुद्ध तेव्हा विद्यार्थ्यांची आंदोलने झाली होती. मी शिकत होते त्या शहरातील मोर्चात मीही होते, आणि जमावबंदीचा आदेश मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 व 135 खाली आम्हा अनेकांवर गुन्हा नोंदवला गेला. पुढे शासनाच्या धोरणानुसार तो खटला मागे घेण्यात आला. ‘खटला तर संपला, मग लिहायचे कशाला?’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या काळजीमागचे प्रेम मला कळत होते. तरीही मी गुन्ह्याची कलमे, पोलीस ठाणे आणि खटल्याचा निकाल, सारे लिहून दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकरीच्या संदर्भात दिलेला निकाल मी वाचलेला होता. अशी माहिती खरीच दिली पाहिजे, आणि संपलेल्या खटल्याची माहिती उमेदवाराने प्रामाणिकपणे दिली असली तरी त्याचा पूर्वेतिहास तपासून निर्णय घेण्याचा अधिकार नियोक्त्याला राहतो, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. त्यातील दुसरी गोष्टही मी मनाशी मान्य केली होती.

बीट अंमलदार, म्हणजे आमचा भाग नेमून दिलेले पोलीस, घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी शेजारच्या जिभाऊंना आणि समोरच्या आक्कांना मी येथे कधीपासून राहते, घरी कोणाची ये-जा असते, कधी तक्रार झाली आहे काय, असे विचारले आणि त्यांचे जबाब लिहून घेतले. माझे माहेर अमळनेर तालुक्यातील असल्याने तेथेही चौकशी झाली. गावातील पोलीस पाटलांनी ‘हाई पोर आमना गावनी शे, मी तिले न्हानपनपाईन वळखस’ असे अहिराणीत सांगितले आणि नंतर तेच मराठीत लिहून सही केली. पोलीस पाटलांच्या नेमणुकीचा ग्राम पोलीस अधिनियम 1967 मध्ये झाला असला तरी गावात पाटलांच्या शब्दाला आजही जे वजन आहे, ते निव्वळ कायद्याने आलेले नाही. मात्र एक शंका मला तेव्हाही होती आणि आजही आहे. ज्याचे गावात कोणी नाही, जो पोटासाठी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर फिरत राहिला, त्याच्याविषयी असा शब्द कोण देणार?

अर्ज अडला तो मोर्चाच्या गुन्ह्यावर. खटला मागे घेतल्याची नोंद संबंधित ठाण्याच्या अभिलेखात झालेलीच नव्हती, त्यामुळे प्रकरण अजून न्यायप्रविष्ट असल्याचे दिसत होते. मी त्या शहरात जाऊन न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज केला. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली खटला मागे घेण्यास न्यायालयाने दिलेल्या परवानगीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल मिळवली आणि ती पोलीस ठाण्यात व संस्थेत, दोन्हीकडे दिली. पोलीस अधीक्षक कार्यालयातून प्रमाणपत्र निघाले ते त्यानंतर. निकालाची नोंद अद्ययावत न ठेवण्याची किंमत अर्जदाराला मोजावी लागते, आणि ज्याला नक्कल कशी काढावी हे ठाऊक नाही त्याची नोकरी त्यापायी जाऊ शकते, याची मला मनापासून खंत वाटते.

संस्थेने मात्र प्रमाणपत्रावर विसंबून चौकशी थांबवली नाही, आणि मला तेच सर्वांत योग्य वाटले. प्रमाणपत्र नोंदलेल्या गुन्ह्यांपुरतेच बोलते, तक्रारच झाली नाही अशा वर्तनाविषयी ते काहीही सांगू शकत नाही. म्हणून बालगृहाच्या अधीक्षिका ताईंनी माझ्या आधीच्या दोन्ही ठिकाणी दूरध्वनी करून, मुलांशी माझे वागणे कसे होते आणि मी काम का सोडले, हे विचारले. मोर्चाविषयीही त्यांनी मला समोर बसवून सविस्तर विचारले आणि माझे उत्तर नोंदवून ठेवले.

आता नव्या अर्जदारांची कागदपत्रे लावण्याचे काम माझ्याकडे आहे. अल्पवयात हातून काही घडले आणि बालन्याय मंडळापुढे प्रकरण चालले, अशा तरुणांनी त्या कारणाने अर्जच करू नये असे होऊ नये, म्हणून बालन्याय अधिनियम 2015 चे कलम 24 मी त्यांना आवर्जून समजावून सांगते. सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या घृणास्पद गुन्ह्याचा, प्रौढाप्रमाणे चालवलेल्या खटल्याचा अपवाद सोडला, तर गुन्हा केल्याच्या त्या निष्कर्षामुळे त्यांना कोणतीही अपात्रता चिकटत नाही. स्वयंपाकी, वाहनचालक आणि रात्रीचा पहारेकरी यांची पडताळणी समुपदेशकाइतकीच काटेकोर व्हावी, असा माझा आग्रह असतो, कारण रात्री मुलांच्या सर्वांत जवळ तीच माणसे असतात.