तैपेईतल्या बोटभर कुप्या

तैपेई १०१ या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावरून नुसते ढग दिसले, रात्रबाजारात पाय दुखेपर्यंत फिरले आणि शाकाहारी जेवण इतकं सहज मिळालं की बॅगेतल्या दशम्यांना हातही लावावा लागला नाही. बाकी तैपेई एवढंच. लिहायचंय ते राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयातल्या तपकिरीच्या कुप्यांबद्दल.

तिथे सगळी झुंबड जेड या दगडात कोरलेल्या कोबीपुढे. सहलींचे झेंडे, डोक्यावर धरलेले फोन, मागून कोपरांचे धक्के. कोबी अप्रतिमच, पण अशा रेटारेटीत कलाकृती बघणं मला जमत नाही. वैतागून दुसऱ्या दालनात शिरले आणि तिथेच खिळले.

बोटभर उंचीच्या, दुधी काचेच्या कुप्या. अंगावर मीनाकामातली फुलं, पक्षी. चीनच्या छिंग घराण्यातल्या बादशहांची तपकीर यांत असे. आपल्याकडे तपकिरीची डबी असायची, तिकडे घट्ट बुचाची कुपी, म्हणजे दमट हवेत तपकीर सादळत नाही. बुचाला आतून चिमुकला चमचा.

काचेवर मीना चढवणं फार जोखमीचं. मीना म्हणजे तरी रंगीत काचेची पूडच. ती वितळून बसायला जेवढी आच लागते, जवळपास तेवढ्यातच खालची कुपीही मऊ पडू लागते. आच कमी पडली तर रंग कच्चे, किंचित चढली तर कुपी वाकडी. आणि तो गुलाबी रंग! तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून येतो. १६९६ साली कांग्शी बादशहाने बीजिंगमध्ये काचेचा कारखाना काढला, तो किलियान श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली. मीनाचे चांगले रंग बरीच वर्षं युरोपातून येत. १७२८मध्ये योंगझेंग बादशहाच्या कारागिरांनी ते स्वतः बनवून दाखवले, आणि पुढे छिएनलोंग बादशहाच्या काळात या कलेला बहर आला.

शेजारी एक आजीबाई गुडघे वाकवून एका कुपीचा तळ न्याहाळत होत्या. मला पाहून त्या सरकल्या, बोटाने जागा दाखवली. तिथून वाकून पाहिलं तर एका पाकळीत कुंचल्याचा केसाएवढा फटकारा दिसला, गुलाबीतून पांढऱ्यात विरत गेलेला. मग त्यांनी ओंजळीत काहीतरी फिरवल्यासारखं करून दाखवलं. बरोबरच होतं त्यांचं. ही वस्तू हातात फिरवत बघायची, चित्र वळत वळत मागच्या बाजूला जातं आणि तळाला निळ्या अक्षरांत बादशहाच्या कारकिर्दीचं नाव असतं. आमची भाषा एक नव्हती, तरी आम्ही कितीतरी वेळ एकेक कुपी एकमेकींना दाखवत होतो. सगळ्या प्रवासात इतकं आपुलकीचं आदरातिथ्य मला कुठल्या हॉटेलात मिळालं नाही.

जाणार असाल तर सहलीच्या गटाबरोबर मुळीच जाऊ नका, या दालनात कुणी थांबू देत नाही. मला आता बीजिंगच्या राजवाड्यातलं संग्रहालय गाठायचंय. युद्धांच्या धामधुमीत बादशहांच्या संग्रहाची बीजिंग आणि तैपेई अशी फाटाफूट झाली, अशा कितीतरी कुप्या तिकडेही आहेत.