पेलेट स्मोकरची दुरुस्ती आणि सिरीयल नंबरचं स्टिकर : माझा अनुभव

तुमच्याकडे पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या पेलेटवर धुरात अन्न शिजवायचं यंत्र, असेल तर पुढचं वाचायच्या आधी मागच्या अंगणात जा आणि त्याच्या सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून या. माझ्या स्मोकरचं स्टिकर हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या डब्याच्या, मागच्या बाजूला होतं. टेक्सासच्या दोन उन्हाळ्यांत त्यावरची शाई उडाली आणि त्या न दिसणाऱ्या आकड्यांपायी मी २६ दिवस ताटकळले. राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले आहे.

आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमच्याकडे सामिष बंद असतं, त्यामुळे स्मोकर दीड महिना झाकून ठेवला होता. हॉपर आधीच रिकामा केला होता. विसर्जनानंतरच्या शनिवारी पेलेटची २० पौंडांची नवी पिशवी ओतली, कोंबडी मुरवून तयार होती, बटण दाबलं. तीन-चार सेकंदांत अंगणातलं सॉकेट ट्रिप झालं. पुन्हा लावलं, पुन्हा ट्रिप.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाकडाचा भुसा दाबून केलेले बोटाच्या पेराएवढे तुकडे, म्हणजे पेलेट, हॉपरमध्ये भरायचे. खाली ऑगर असतो, खिमा मशीनच्या आत असतो तसा लांब स्क्रू. तो मिनिटाला साधारण दोनच फेरे घेतो आणि पेलेट ढकलत फायरपॉट नावाच्या लोखंडी वाटीत नेऊन टाकतो. वाटीत इग्नायटर असतो, विजेवर लाल होणारी पेन्सिलीएवढी कांडी. पेलेट पेटले की ती बंद होते, मग पंखा आग जिवंत ठेवतो आणि कंट्रोलर तापमान बघून ऑगर चालू-बंद करतो. एवढाच कारभार.

माझे वडील इचलकरंजीत चाळीस वर्षं मोटार रिवाइंडिंग करायचे. मी त्यांच्या दुकानात वाढले, त्यामुळे मल्टिमीटरची मला भीती वाटत नाही. तरी आधी त्यांनाच फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालू केल्या केल्या पडतोय की थोड्या वेळानं?" लगेच, म्हटलं. "मग एकेक वायर काढून बघ. जी काढल्यावर पडायचा थांबतो, ती धर."

प्लग काढून कंट्रोलरमागचे कनेक्टर उघडले. पंखा सुटा केला, ट्रिप. ऑगरची मोटर सुटी केली, ट्रिप. इग्नायटर सुटा केला आणि सगळं शांत चालू झालं. मग मल्टिमीटर. कांडीच्या दोन वायरींमध्ये ७४ ओहम आले. १२० व्होल्टवर २०० वॅटची कांडी म्हणजे ७२ च्या आसपास यायलाच हवेत, म्हणजे आतली तार शाबूत होती. पण एक टोक वायरीला आणि दुसरं कांडीच्या धातूच्या अंगाला लावलं तर १८ हजार ओहम. तिथे मीटरवर कुठलाच आकडा यायला नको होता, म्हणजे विजेला वाटच नको.

"गिझरची कॉइल अशीच जाते की," अण्णा म्हणाले. अशा कांडीत तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती पूड हवेतली ओल ओढून घेते. नळीला बारीकशी चीर गेली आणि यंत्र दमट हवेत महिनाभर पडून राहिलं की वीज अंगावर झिरपायला लागते. माझ्या कांडीच्या टोकाला चीर स्पष्ट दिसत होती. १२० भागिले १८ हजार, म्हणजे साडेसहा मिलिअँपिअरच्या वर. आपल्याकडे घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा स्विच, साधारण ३० मिलिअँपिअरला पडतो. इथलं अंगणातलं तेच काम करणारं जीएफसीआय सॉकेट पाचच्या आसपास पडतं.

हे सगळं शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कळलं होतं. स्मोकर सव्वादोन वर्षांचा, वॉरंटी तीन वर्षांची. सोमवारी कंपनीला फोन केला, कांडी पाठवा म्हटलं.

पहिल्या दिवशी ४० मिनिटं होल्डवर ठेवल्यावर पलीकडच्या बाईंनी सांगितलं की सॉकेट खराब असेल, दुसऱ्याला लावून बघा. दुसऱ्याला लावलं, तेही पडलं. मग म्हणाल्या, घरातल्या साध्या सॉकेटवरून लांब वायर ओढून बघा, जीएफसीआय नसलेल्या. म्हणजे जे सॉकेट मला शॉकपासून वाचवत होतं तेच बाजूला काढायचं आणि ओल्या फरशीवर उभं राहून धातूच्या यंत्राला हात लावायचा! मी ठाम नाही म्हटलं. तुम्हाला कुणी असं सुचवलं तर तुम्हीही म्हणा.

ओहमचे आकडे सांगितले तर त्या म्हणाल्या, ७४ म्हणजे कांडी ठीक आहे. अंगाला लावून घेतलेला आकडा त्यांच्या यादीत नव्हताच. मी तो तीन वेगवेगळ्या माणसांना समजावला. तिघांनीही "ठीक आहे, नोंद केली" म्हटलं आणि चौथ्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

मग स्टिकर. सिरीयल नंबर दिसत नाही म्हटल्यावर फोटो मागितला. पाठवला. अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. टॉर्च तिरका धरून, पेन्सिल घासून, फोनवर काळा-पांढरा करून, जे जे सुचलं ते केलं. शेवटचे चार आकडे काही केल्या उमटेनात. खरेदीची पावती पाठवली, तर म्हणे पावतीवर सिरीयल नंबर नाही. कुठल्या दुकानाच्या पावतीवर असतो? दर वेळी उत्तराला दोन ते तीन कामाचे दिवस. आणि प्रत्येक उत्तराखाली एक ओळ ठरलेली: तिकिटाचा, म्हणजे तक्रारीचा, निर्णय होईपर्यंत यंत्र आहे त्या स्थितीत ठेवा, काही उघडू नका, नाहीतर वॉरंटी जाईल. मी ऐकलं. हॉपरमध्ये पूर्ण पिशवी भरलेली होती आणि मी ती तशीच ठेवली.

तेराव्या दिवशी खोकं आलं. उघडलं तर आत कंट्रोलर. मी कांडी मागितली होती! फोन केला. त्यांचं म्हणणं, आधी हा बसवून बघा, नाही चाललं तर पुढचं बघू. शाबूत कंट्रोलर काढून नवा बसवायचा, तो अर्थातच ट्रिप होणार, मग पुन्हा व्हिडिओ, पुन्हा तीन दिवस. बसवला, ट्रिप झाला, व्हिडिओ पाठवला. उत्तरात पुन्हा स्टिकरचा स्पष्ट फोटो मागितला होता.

तो सप्टेंबर होता. त्या दिवसांत इथे पाऊस येऊन-जाऊन असतो आणि सकाळी काचांवर पाणी सुटतं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, मला ती फार उशिरा कळली. इग्नायटर मेला तरी स्मोकर चालवता येतो. प्लग काढून कांडीचा कनेक्टर सुटा करायचा, फायरपॉट राख झाडून साफ करायचा, त्यात मूठभर पेलेट आणि आग पेटवायची थोडी जेल टाकून हाताने पेटवायचं. ज्वाळा धरली की झाकण उघडं ठेवूनच यंत्र चालू करायचं. हे पहिल्या आठवड्यात माहीत असतं तर ते पेलेट जळून संपले असते आणि पुढचा सगळा त्रास वाचला असता.

सव्विसाव्या दिवशी मी थांबायचं सोडून दिलं. २२ डॉलरची कांडी स्वतः मागवली. पेलेटचे स्मोकर ओरेगॉनमधल्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात आणले. त्यांचं पेटंट २००६ मध्ये संपल्यावर बाकीच्या कंपन्या उतरल्या, माझ्यावाली त्यांतलीच एक. त्यामुळे कांडी, पंखा, ऑगरची मोटर हे भाग बऱ्याच यंत्रांत मिळतेजुळते असतात. लांबी, जाडी, वॅट आणि कनेक्टर तेवढे जुळवून घ्या. बसवायला वीस मिनिटं लागली: एक स्क्रू, एक कनेक्टर. नवी कांडी अंगाला मोजली, मीटरवर काहीच आलं नाही. जाळ्या काढून चालू केली, काही मिनिटांत टोक लालबुंद झालं. सॉकेट ट्रिप झालं नाही. मी एकटीच अंगणात टाळ्या वाजवल्या.

आणि पेलेट पडेनात.

ऑगरच्या मोटरमागे एक छोटा पंखा असतो, त्याच्याकडे बघायचं. वीज पोचूनही तो अजिबात हलत नसेल तर मोटर गेली. थोडा फिरून झटका खाऊन मागे येत असेल तर ऑगर अडकलाय. माझा आधी झटके खात होता, मग एकदम मोकळा फिरायला लागला. म्हणजे शिअर पिन, मोटर आणि ऑगर यांना जोडणारी मुद्दाम मऊ ठेवलेली पिन, तुटली. हॉपर उपसला तर खालचे पेलेट पेलेट राहिलेच नव्हते. कोरडा पेलेट चकाकतो आणि मोडताना कट्‌कन आवाज येतो. माझ्या हातात ओला भुसा येत होता. नळीत तो इतका घट्ट बसला होता की सिमेंट ओतल्यासारखं वाटत होतं. ज्या वाट बघण्याची मला सक्ती केली, तिनेच दुसरा भाग बिघडवला. याची भरपाई वॉरंटीत नाही म्हणे, कारण ओलावा ही मालकाची जबाबदारी!

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मोटर सोडवली, ऑगरच्या बाहेर आलेल्या दांड्याला पाईप पाना लावला आणि पुढे-मागे, पुढे-मागे हलवत राहिले. फायरपॉटच्या बाजूने नवरा लांब ड्रिल बिटने भुसा टोकरत होता. मधूनमधून ड्रायरने नळी तापवून भुसा सुकवला. पाणी अजिबात घालू नका, भुसा आणखी फुगतो. दुसऱ्या दिवशी साडेआठला कर्रकन आवाज आला आणि ऑगर अर्धा फेरा फिरला. अख्खा बाहेर ओढल्यावर त्याच्या पात्यांमधून एकसंध भुशाचे वेटोळे निघाले.

नवऱ्याला पिनेच्या जागी चांगला पोलादी बोल्ट घालायचा होता, पुन्हा तुटायला नको म्हणून. अण्णा फोनवर ओरडलेच. "रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट माहीत आहे ना? तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. मऊ तेच घाल, आणि चार जास्तीचे आणून ठेव." आणले.

सगळं उघडलंच होतं म्हणून तापमानाच्या सेन्सरवरची काजळी पुसली आणि फायरपॉट तपासला. गंजाने त्याच्या बुडाला भोक पडायला आलं होतं, तोही बदलला. एक धोक्याची गोष्ट: आग मध्येच विझून फायरपॉट पेलेटनी भरला असेल तर तसंच पुन्हा चालू करू नका. एकदम भडका उडतो. थंड होऊ द्या, उपसा, मग लावा. राख उपसतानाही निखारा पूर्ण विझल्याची खात्री करा, कोमट राखेने व्हॅक्यूम क्लीनर पेटतो.

पेलेट आता पाच गॅलनच्या, घट्ट झाकणाच्या बादलीत असतात आणि प्रत्येक वेळी काम झालं की हॉपर रिकामा करते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा २२५ अंश फॅरनहाइटवर चार वांगी ठेवली. हिकरीच्या लाकडाच्या धुराचं भरीत चुलीवरच्यासारखं लागत नाही, पण त्या रात्री आम्ही दोघांनी चारही संपवली. कोंबडी दुसऱ्या दिवशी केली.

कंपनीची कांडी पाचव्या आठवड्यात आली, चिठ्ठीशिवाय. अण्णांच्या सांगण्यावरून तिचंही अंगाला माप घेतलं, ठीक निघालं. मग सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ती हवाबंद डब्यात ठेवली. डब्यावर तारीख लिहिली आहे आणि आतल्या झाकणाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सिरीयल नंबरचे जेवढे वाचता आले तेवढे आकडे.