तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बागेतली वाईन फ्रान्ससारखी का लागत नाही

"नाशिकची द्राक्षं एवढी गोड असतात, मग त्यांची वाईन फ्रान्ससारखी का नाही लागत हो?" मुलुंडला आमच्या सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला हे विचारून झालंय, आणि दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदललाय. पण परवा एकांनी पुढे जोडलं, "तुमचा भाऊ नीट लक्ष देत नसेल." ते मला लागलं. म्हणून आता सविस्तर सांगते. बाग माहेरची, दिंडोरी तालुक्यात, दादा बघतो आणि हिशेब आणि वायनरीशी बोलणं माझ्याकडे, हे तुम्हाला माहीत आहे.

आधी ते गोडीचं डोक्यातून काढा. वाईनची द्राक्षं खायच्या थॉमसनपेक्षा जास्तच गोड होऊ देतात, 22-24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), आणि आपल्याकडे ऊन एवढं आहे की साखर भरायला काही अडचण नाही. अडचण आंबटपणाची आहे. तो टिकला नाही तर वाईन सपक लागते, मग साखर कितीही असो.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, एप्रिलच्या सुमारास फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष काढतात. म्हणजे द्राक्ष पिकत जातं तसं तिकडे ऊन उतरत जातं. नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर, आपल्याकडे वेलीला झोपवेल अशी थंडीच नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये नवी काडी तयार व्हावी म्हणून खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, शिवाय काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटावेत म्हणून हाताने पेस्ट लावतो. फळ येतं जानेवारी ते मार्च. म्हणजे आपल्याकडे द्राक्ष पिकत जातं तसं ऊन चढत जातं, नेमकं उलट, आणि उष्णता वाढली की मण्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे आंबटपणाच, मणी स्वतःच वापरून टाकतो. हे कुणाच्या लक्ष न देण्यामुळे होत नाही हो, हे त्या जागेमुळे होतं.

मग जानेवारीतच काढा ना, असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हणत होते आणि अजून म्हणते. डिसेंबर-जानेवारीत तिकडे रात्री 10 अंशांच्या आसपास थंडी असते, जमीन समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर आहे, त्या थंड रात्रींनी आंबटपणा धरून ठेवला जातो, आपल्याकडचा शेनिन आणि सोव्हिन्यो ब्लां, म्हणजे पांढऱ्या वाईनची द्राक्षं, जमतो तो त्या रात्रींमुळेच. पण जानेवारीत काढायचं तर छाटणी सप्टेंबरात करावी लागते, आणि सप्टेंबरात पाऊस गेलेला नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलं तर पाऊस टळतो पण फळ मार्चच्या उन्हात सापडतं. या दोन्हींच्या मध्ये जी थोडी जागा उरते त्यात आमची सगळी शेती आहे.

2019 साली आम्ही सप्टेंबरच्या मध्यावर छाटलं. दादाला ऑक्टोबर हवा होता, मी सप्टेंबर म्हणत होते, वायनरीलाही लवकरचा माल हवा होता, शेवटी दादा कबूल झाला. बाग सुंदर फुटली होती, कोंबांचा पोंगा झाला, कळ्यांच्या घडाचा दोडा झाला, आणि ऐन फुलोऱ्यात दिवाळी आली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं. अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा चक्रीवादळ, दोन्ही मुंबईवर आली नाहीत म्हणून इथे आपण सुटकेचा श्वास सोडला, पण ढग आणि पाऊस तिकडे वर दिंडोरी-निफाडला ठाण मांडून बसले. मी मुलांना घेऊन माहेरी दिवाळीला गेले होते. अंगणात रांगोळी टिकत नव्हती. दादा रोज पहाटे बागेत जायचा आणि परत आला की वहिनी काही विचारायची नाही.

डाऊनीला, म्हणजे द्राक्षाच्या त्या बुरशीच्या रोगाला, काय लागतं, ओली पानं आणि उबदार ढगाळ हवा, झालं. पानाच्या मागे पांढरी बुरशी दिसायला लागली, मग घडावर आली, घड तपकिरी पडून वाळायला लागले, जे वाळले नाहीत ते गळकुजीत, कुजून गळून, गेले. फवारणी केली की दोन तासांत पाऊस यायचा, धुऊन जायची, परत करायची. आणि इथे मला जमिनीबद्दल जे कळलं ते आयुष्यभर विसरणार नाही. आमचे दोन तुकडे आहेत, एक टेकाडाकडचा मुरमाड, एक खाली नाल्याकडचा काळ्या रानाचा. मुरमाड रानात पाऊस थांबला की पाणी खाली उतरून जायचं, थोड्या वेळात ट्रॅक्टर आत घालता यायचा, फवारणीचा ब्लोअर फिरायचा. काळ्या रानात ट्रॅक्टर पहिल्याच ओळीत रुतला. ती माती पाणी पिते आणि फुगते, सोडत नाही. तो बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला तर तोही घसरायला लागला. मग दादा आणि दोन गडी पाठीवर पंप घेऊन गुडघाभर चिखलात, आणि मी बांधावर औषध कालवून देत होते, भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळायचं राहूनच गेलं संध्याकाळपर्यंत. पाठीवरच्या पंपाने किती होणार? वरचा तुकडा निम्म्याच्या वर वाचला. खालचा सगळा गेला. वाचला त्यातलाही थोडाच माल वायनरीने घेतला, बाकीचा दर्जा बसत नाही म्हणून सांगितलं, फोनवर, एका मिनिटात. तारखेबद्दल मी दादाशी त्या दिवसांत एक शब्दही बोलले नाही, त्यानेही काढला नाही. तारीख चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही, त्याआधी त्याच तारखेला उत्तम माल निघालेला आहे. पण चिखलात उभ्या माणसाला हे सांगणार कसं?

त्याआधी मी लोकांना सांगायचे, आमची माती वेगळी, तिकडे चुनखडक, इकडे दख्खनचा बसाल्ट, म्हणून चव वेगळी. ऐकायला छान वाटायचं. आता त्या जुन्या मला विचारावंसं वाटतं, बाई, दगडाची चव मुळातून वर चढून ग्लासात येते का? नाही येत. मातीचं मुख्य काम पाण्याचं असतं, किती धरते आणि किती सोडते. पाणी तुटपुंजं मिळालं की मणी लहान राहतात, साल जास्त, रस कमी, आणि लाल वाईनचा रंग सालीतून येतो. पण मग हेही खरं की आमच्या मुरमाडावरचा शिराझ, ही लाल वाईन, मी डोळे मिटून ओळखते. सगळं पाण्याचंच म्हणू, की आणखी काही? मला नाही सांगता येत.

आणि फ्रान्स फ्रान्स करता तर ऐका, डाऊनी त्यांच्याकडेही 1878च्या सुमारास अमेरिकेतून आली आणि त्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण दादा फवारतो ते 1885मध्ये तिकडच्याच बोर्डोत मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने पुढे आणलं. एप्रिल 2021मध्ये तिकडे दव गोठून कोवळी फूट जळाली, रात्रभर बागांत शेगड्या आणि मेणबत्त्या पेटवून बसले होते लोक. थंड भागांत साखर कमी पडली तर रसात साखर घालायची त्यांना परवानगी आहे, आपण आंबटपणासाठी टार्टारिक आम्ल घालतो. त्यांनी केलं की परंपरा आणि आम्ही केलं की भेसळ, असं का?

जागा किती थोड्या अंतरात बदलते ते तुम्ही कसारा घाट चढताना बघितलेलं आहे. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस, तिथून तासाभरावर नाशिकला सातशेच्या आसपास, पुढे निफाडला आणखी कमी. सह्याद्रीने अडवलं म्हणून ही द्राक्षं आहेत, मुंबईत गच्चीवर वेल लावून बघा, जूनपासून चार महिने पान सुकत नाही. आणि एक राहिलंच, तीच बाटली मेमध्ये इथल्या विनाएसी दुकानात उकाड्यात महिना-महिना उभी असते आणि मग तुम्ही ती उघडून फ्रान्सशी तुलना करता.

तरी मान्य करते, चांगल्या बोर्डो वाईनसमोर आमच्या लाल वाईनचा ग्लास ठेवला की मला फरक कळतो आणि वाईट वाटतं. पांढऱ्याच्या बाबतीत नाही वाटत. हे दादाला पटत नाही, तो म्हणतो लालसुद्धा जमेल, वेल जुनी होऊ दे. पण वर्षातून दोनदा छाटून, झोप न देता, आपल्याकडची वेल जुनी होईपर्यंत टिकते कुठे?

खालचं काळं रान 2020च्या उन्हाळ्यात उपटलं. तिथे आता टोमॅटो होतो, पैसे बरे येतात. दादाला तिथे परत द्राक्ष लावायचंय, चर खणून, पाणी काढून देऊन, खर्चाचा कागद त्याने मला पाठवलाय आणि गोडी छाटणीची तारीख तेवढी कोरी सोडलीय.