प्रिझर्व्हेटिव्ह पूर्ण टाकलं होतं

हँडवॉश पातळ झाल्याची तक्रार आली की प्रॉडक्शनवाल्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो मीठ. पुढच्या बॅचला थोडं मीठ वाढवा, झालं. बऱ्याचदा ते बरोबरही ठरतं, म्हणून तर ही सवय मोडत नाही. एसएलईएस आणि सीएपीबी या फेस करणाऱ्या दोन साबणी घटकांच्या (सर्फॅक्टंटच्या) मिश्रणात मीठ घातलं की मायसेल, म्हणजे त्यांच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, लांब होत जातात, एकमेकांत गुंततात आणि द्रव घट्ट होतो. पण एका टोकापर्यंतच, त्याच्या पुढे मीठ घालत राहिलात तर तोच द्रव उलट पातळ व्हायला लागतो आणि शेवटी गढुळतो. त्यात सीएपीबी स्वतःसोबत ५ टक्क्यांच्या आसपास मीठ घेऊनच येतं, परफ्यूम बदललं तरी सगळं गणित सरकतं. म्हणून कच्च्या मालाचा नवीन लॉट आला की सॉल्ट कर्व्ह, म्हणजे किती मिठाला किती घट्टपणा येतो त्याचा आलेख, काढायचा असतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते कोणी करत नाही याचा मला खरंच राग येतो.

पण आमच्याकडे तक्रार आलेली ही केस मिठाची नव्हती, ते बाटली हातात घेतल्यावरच कळलं.

आमचा हा हँडवॉश पर्ली आहे, म्हणजे त्यात ईजीडीएस हे मेणासारखं द्रव्य असतं, ते गरम बॅचमध्ये वितळवायचं आणि बॅच हळूहळू थंड होताना त्याचे बारीक चपटे स्फटिक बनतात, त्यांचीच ती मोत्यासारखी चमक. द्रव घट्ट असतो म्हणून ते तरंगत राहतात. तक्रारीच्या बाटलीत वर पाण्यासारखा पिवळट थर आणि तळाला चमकदार पांढरा गाळ. पीएच ५.५ च्या खाली गेलेला. झाकण उघडलं तर परफ्यूमच्या मागून एक कुबट, आंबूस वास. पातळ होणं, पीएच उतरणं आणि वास, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की व्हिस्कोमीटर (घट्टपणा मोजायचं यंत्र) बाजूला ठेवायचा आणि प्लेट लावायच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायचे. सर्फॅक्टंट खाऊन जगणारे जंतू असतात हे बाहेरच्यांना पटत नाही, साबणात जंतू कसे वाढतील असं विचारतात. वाढतात. पाणी आहे तिथे ते वाढतात, त्यांना अडवायचं काम साबणाचं नाही, प्रिझर्व्हेटिव्हचं असतं.

त्याच बॅचचं रिटेन सॅम्पल, म्हणजे आमच्याकडे राखून ठेवलेला नमुना, मात्र एकदम ठीक. घट्ट, चमकदार, वास मस्त. झालं, प्लांट मॅनेजरने लगेच निकाल दिला की ग्राहकाने उन्हात ठेवली असेल नाहीतर पाणी घातलं असेल. ग्राहक पाणी घालतात, खोटं नाही, पण सील न तोडलेल्या बाटल्याही परत आल्या होत्या त्यांचं काय? मी प्लेट लावल्या. सीलबंद बाटल्यांमधून सेट्रीमाइड अगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर हिरवट वाढ आली, पुढे स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू कन्फर्म झाला. आयएसओ १७५१६ या कॉस्मेटिक्समधल्या जंतूंच्या मर्यादांच्या मानकात हा जंतू १ ग्रॅम नमुन्यातसुद्धा चालत नाही. आजारी माणसाच्या घरात, हाताला जखम असलेल्या माणसाकडे ही बाटली जाऊ शकते, त्यामुळे लॉट परत मागवण्यावर चर्चा करायची वेळच नव्हती आणि तो मागवला.

मग शोध सुरू झाला की चूक कुणाची. चूक काय, हा प्रश्न नंतर. बॅच बनवणाऱ्या काकांनी प्रिझर्व्हेटिव्ह टाकलंच नाही किंवा कमी टाकलं असं मीटिंगमध्ये ठरूनही गेलं, त्यांना मेमोही मिळाला. मी त्यांच्याशी बोलले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पूर्ण टाकलंय. कॅन विसळून ते पाणीसुद्धा टाकीत ओतलंय." इतक्या वर्षांत या माणसाच्या बॅच शीटमध्ये खाडाखोड मी बघितलेली नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून आम्ही सीएमआयटी आणि एमआयटी या दोन रसायनांचं मिश्रण वापरतो, ३ ला १ प्रमाणात, १.५ टक्क्याचं द्रावण. बॅचमध्ये ०.१ टक्का टाकलं की १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) होतात. मीटिंगमध्ये एकाने डोस दुप्पट करा असंही सुचवलं. ते चालत नाही. या मिश्रणाने त्वचेची अॅलर्जी होते, धुवून टाकायच्या प्रॉडक्टला युरोपात १५ पीपीएम हीच कमाल मर्यादा आहे आणि अंगावर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये तर हे मिश्रण तिथे चालतच नाही.

एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही घटक वेगवेगळे दिसतात, आणि सगळी केस तिथेच फिरली. काकांनी कमी टाकलं असतं तर दोन्ही पीक (आलेखातले उंचवटे) सारख्याच प्रमाणात बुटके दिसले असते. आमच्या आलेखात एमआयटीचा पीक जवळजवळ जिथे हवा तिथे होता आणि सीएमआयटीचा मात्र कुठल्या कुठे खाली गेलेला. रिटेनमध्येही तेच. म्हणजे वजन बरोबर होतं, टाकलं पूर्ण होतं, आणि टाकीतच मेलं होतं. सीएमआयटीला उष्णता सोसत नाही आणि पीएच ८ च्या वर तर ते लवकर तुटतं, एमआयटी त्या मानाने चिवट. मग मी बॅच शीटवरची वेळ घेतली आणि टाकीच्या टेंपरेचर रेकॉर्डरचा कागद शेजारी ठेवला. प्रिझर्व्हेटिव्ह पडलं तेव्हा बॅच ६० अंशांच्या आसपास, आणि सायट्रिक अॅसिडची नोंद त्याच्यानंतरची, म्हणजे टेट्रासोडियम ईडीटीए या अल्कधर्मी घटकामुळे पीएच अजून वरच होता. ४० च्या खाली आणि पीएच सेट झाल्यावर टाकायचं असतं. शीटवर त्या स्टेपला रकाने दोनच आहेत, वेळ आणि सही. तापमान लिहायला जागाच नाही.

आधी कोण्या एकाने लॅबमध्ये गरम टाकून बघितलं होतं आणि काही फरक पडत नाही असा शेरा फाइलला होता. फरक कसा पडेल, लॅबचं बीकर बघता बघता थंड होतं आणि प्लांटची टाकी तासन् तास गरम राहते. मी बीकर वॉटर बाथमध्ये ठेवलं, टाकी जशी उतरते तसं तापमान उतरवत नेलं, आणि तोच आलेख मिळाला. तो बघून मला फार बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही.

आणि गरम का टाकलं? तर प्रिझर्व्हेटिव्ह कुलपात असतं, स्टोअरवाला त्याची शिफ्ट संपायच्या आत कॅन परत मागतो, आणि बॅच थंड व्हायला तेव्हा बराच वेळ असतो. काकांनी हे तोंडी सांगितलं होतं, आधीही. कुणी लिहून घेतलं नाही.

मग रिटेन का खराब झालं नाही? कारण ते टाकीतून स्वच्छ बाटलीत काढलेलं, आणि मायक्रोचा (जंतुतपासणीचा) नमुनासुद्धा टाकीतूनच जातो, भरलेल्या बाटलीतून नाही. जंतू बाटल्या भरायच्या फिलिंग लाइनच्या होजमध्ये (नळीत) बसले होते, कपलिंगजवळ म्हणजे नळीच्या जोडाजवळ, जिथे धुतल्यावर पाणी साचून राहतं. ते कपलिंग उघडलं तर आत बोटाला बुळबुळीत लागणारा थर. स्वॉबमधून तोच जंतू आला.

आता मी ज्यात अडकलेय ते हे. रिपोर्टच्या फॉर्ममध्ये रूट कॉजला (मूळ कारणाला) एकच ओळ आहे. प्रिझर्व्हेटिव्ह शाबूत असतं तर होजमधले जंतू बाटलीत मेले असते, बरोबर डोसच्या बॅचची चॅलेंज टेस्ट, म्हणजे मुद्दाम जंतू घालून ते मरतात का बघायची चाचणी, आमच्याकडे पास आहे. पण म्हणून होजला दुय्यम म्हणायचं का? होज स्वच्छ असता तर ही बॅच बाजारात तग धरून राहिली असती, निदान कुणाच्या ओल्या हातांनी पंप दूषित होईपर्यंत, आणि आम्हाला कळलंही नसतं. मग स्टोअरच्या वेळेला कुठली ओळ? मी तिन्ही लिहिलं, फॉर्म परत आला, एकच लिहा म्हणून.

शीटवर तापमान आणि पीएचचे रकाने आलेत, मायक्रोचा नमुना आता भरलेल्या बाटलीतून जातो, होज बदलला. स्टोअरची वेळ आहे तीच आहे. आणि काकांचा मेमो अजून मागे घेतलेला नाही, दोन्ही आलेख जोडून मी एचआरला परत लिहिलंय.