बग नाहीत, की कोणी पाहिलंच नाही?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आम्ही सहकारी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. ३० सप्टेंबरच्या आत संस्थांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात, त्यामुळे नवी आवृत्ती त्याआधी द्यावीच लागते. त्यात पोळा, मारबतीच्या सुट्ट्या. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, शोधायला टेस्टिंगचे तास कधीच पुरत नाहीत, आणि मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याच्या मॉड्यूलला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या त्याच्या भागाला, जास्त मिळतात. हे मला कधीच पटलं नाही.

म्हणून यंदा तासांचं वाटप जेनेटिक अल्गोरिदमवर सोपवलं. तो चांगल्या वाटपांचा संकर करत पिढ्यानपिढ्या आणखी चांगली वाटपं शोधतो. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एनएसजीए-२ घेतला, कारण उरणारे बग आणि खर्च, दोन्ही कमी करायचे होते, आणि तो एका उत्तराऐवजी दोन्हींच्या तडजोडीचे बरेच पर्याय देतो. उरणाऱ्या बगांचा अंदाज १९७९ च्या गोएल-ओकुमोटो मॉडेलवरून; ते आजवर सापडलेल्या बगांच्या नोंदींवरून किती उरले ते सांगतं. खरी मेहनत संकरानंतर लागते. दोन चांगल्या वाटपांचं अपत्य बऱ्याचदा बजेटबाहेर जातं. अशांना बाद करण्याऐवजी मी सगळ्या मॉड्यूलचे तास एकाच प्रमाणात खाली आणतो. आईबापांचा कल टिकतो, पिढी वाया जात नाही. या भागाचा मला अभिमान आहे.

पर्यायांची रांग पाहून साहेब म्हणाले, "एकच आकडा सांग." दोन उद्दिष्टांना एक आकडा नसतो, निवड माणसालाच करावी लागते. ती जबाबदारी कोणालाच नको असते.

जवळपास प्रत्येक पर्यायात लाभांशाच्या मॉड्यूलला नाममात्र तास होते. आमच्या सगळ्यात जुन्या टेस्टर ताईंनी कागद पाहिला. "काहून रे, इथे बग नाहीत, की कोणी पाहिलंच नाही?"

लाभांशाचं काम वर्षातून एकदाच चालतं. नोंदी मोजक्या, म्हणून मॉडेलच्या लेखी बगही मोजकेच. ताईंनी साहेबांशी भांडून एक दिवस मिळवला. वर्षाच्या मध्ये मयत सभासदाचे शेअर वारसाच्या नावे केले आणि लाभांश काढला. मयताच्या खात्यावर पूर्ण वर्षाचा, वारसाच्याही खात्यावर पूर्ण वर्षाचा.

आता प्रत्येक मॉड्यूलला किमान तास बांधून दिलेत. अल्गोरिदम लाभांशाला नेमके तेवढेच देतो, एक मिनिट जास्त नाही. म्हणजे त्याचं मत बदललेलं नाही, मी फक्त त्याचे हात बांधलेत. सध्या बगांच्या आकड्याशेजारी आजवर घातलेले टेस्टिंगचे तास मांडतोय. नोंदी कमी तिथे अंदाज किती ढिला आहे, हे तिसरं उद्दिष्ट म्हणून घालावं का, यावर ताईंशी रोज वाद चालतो.