पित्त, पलंग आणि रात्रीची झोप

रोज रात्री दोनच्या सुमारास जाग येते म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकाचं निदान तयार. सासूबाईंच्या मते दृष्ट, बहिणीच्या मते चाळिशी, ऑफिसात सर्वानुमते टेन्शन. डॉक्टरांनी मात्र भलतंच विचारलं, "जाग येते तेव्हा तोंडाची चव कशी असते?" आंबट! घशाशी पाणी, कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज. छातीत जळजळ फारशी नव्हतीच, त्यामुळे पित्ताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दिवसा आम्ल वर आलं तरी आपण बसलेले-उभे असतो, सारखी लाळ गिळतो, ते खाली जातं. झोपेत लाळ कमी, गिळणंही कमी, त्यात आपण आडवे. मग ते अन्ननलिकेत रेंगाळतं आणि झोप चाळवत राहते. कित्येकदा जाग आलेली आठवतही नाही, सकाळी अंग तेवढं जड.

पँटोप्राझोल सुरू झालं. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, 8 आठवडे. खोकला हळूहळू गेला, रात्री सलग जायला लागल्या. पण गोळी आम्ल कमी करते, पोटातलं वर येणं थांबवत नाही. आणि मी डोंबिवलीत उतरून घरी पोचणार साडेनऊला, जेवणार दहाला, आडवी होणार अकराला. मध्ये 3 तास हवेत म्हणे! आता भाजी-भाकरीचा दुसरा डबा नेते, सात वाजता ऑफिसातच खाते. घरी सगळे गरम आमटी-भात ओरपत असताना समोर नुसतं बसायचं, हे पथ्य गोळीपेक्षा कडू आहे.

शिवाय पलंग. उशांवर उशा रचून फक्त मान-कंबर वाकते, पोट उलट दाबलं जातं. सुताराकडून 6 इंची ठोकळे करून घेतले, वर खळगा पाडलेले, म्हणजे पलंगाचा पाय सटकत नाही. ते उशाकडच्या दोन्ही पायांखाली. डाव्या कुशीवर झोपलं की अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या आम्लाच्या वर राहतं, तेही जमवलं.

(गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर हे ठोकळे-बिकळे राहू देत, आधी डॉक्टर गाठा.)

डॉक्टरांनी गोळी थांबवली, झोप टिकली आहे. लग्नसराईत रात्री अकराच्या पंगतीला बसले की दोनची जाग ठरलेली. नवरा रात्रभर पायथ्याकडे घसरतो आणि ठोकळे काढायची मागणी करतो. त्याला हॉलमधला दिवाण दाखवला आहे.